बत्तीस घरांच्या राज्याने उघाडी बुजविली त्याची हकीकत

श्री खाडीमाता जागती असो, बांध उभा असो आणि हे वाचणाऱ्याचे पाय कोरडे असोत. शके सोळाशे पन्नास, कीलक नाम संवत्सर, श्रावण मास, ते साली आमचे राज्यावर जो प्रसंग गुदरला आणि दोघा सरदारांनी दोन तऱ्हांनी त्यास जे तोंड दिले, ते पाहिले तैसे लिहितो. लिहिणार रांगेतील एक असामी आहे. नाव विचारू नये, रांगेत उभ्या असामीस नाव नसते, दोन हात असतात. राज्याचेही नाव लिहीत नाही, कारण ज्यास ठाऊक आहे त्यास सांगणे नलगे, आणि ज्यास ठाऊक नाही त्याने येथील भात कधी खाल्ला नसेल, त्याची कीव करावी. तीन बाजूंस खाडी, चौथीस डोंगर, मध्ये राज्य. घरे बत्तीस. तोफ नाही, हत्ती नाही, घोडा एक होता तो चिखलात रुतोन मेला. तरी ऐसे राज्य दुसरे नाही, कारण इतर राजे परमुलुख मारितात तेथे आधीपासून जमीन असते, आणि आमच्या वडिलांनी समुद्राच्या ताटातून जमीन ओढोन घेतली, तिचा खार पावसाने धुवोन काढिला आणि तीवर भात उभे केले. मध्ये आडवा घातला तो बांध, निव्वळ मातीचा, दोन पुरुष उंच, पंधराशे पावले लांब, तोच आमचा तट. समुद्र दिवसातून दोन वेळा स्वारी करितो आणि दोन्ही वेळा मार खाऊन परत जातो, ऐसे सव्वाशे वर्षे चालले आहे. रोज दोन लढाया आणि रोज दोन फत्ते, इतक्या कोणा पातशाहाच्या पदरी असतील तर त्याने दाखवाव्या. दुसरा गनीम खेकडा. हा समोर येत नाही, बांधाच्या पोटात बीळ पाडितो, सुरुंग लावण्यात याचा हात धरणारा कोणी नाही, आणि लढाईत सापडला तर आम्ही त्यास कालवण करोन सन्मानाने निरोप देतो. आणि या बांधाच्या पोटात एकच दगडी तोंड ठेविले आहे, त्यास उघाडी म्हणतात. तिला बाहेरोन लाकडी झडप. भरती आली की समुद्र स्वतःच ती झडप दाबोन लावितो, आणि ओहोटी लागली की शेतातले पावसाचे पाणी तीस आतोन ढकलोन खाडीत निघोन जाते. शत्रूच्याच हाताने दार लावोन घेणारे हे एकच राज्य. उघाडीची राखण पोशीबाई घरत यांजकडे, वय साठीच्या पुढे, जीभ कालवाच्या शिंपल्यासारखी, लागली की रक्त मागाहून दिसते.

आता रांग म्हणजे काय ते सांगतो, कारण आमचा सारा अभिमान रांगेत आहे. बांधास भगदाड पडले की शिंग वाजते आणि घरटी दोन याप्रमाणे चौसष्ट माणसे बांधावर उभी राहतात. चिखलाची खाण बांधाच्या उजव्या टोकास आहे. तेथोन चिखलाचा गोळा निघतो आणि हातोहात भगदाडापर्यंत जातो. तोंड समुद्राकडे, उजव्या हाताने घ्यावे, डाव्या हातास द्यावे. गनिमास पाठ दाखवू नये. रांगेत बोलू नये. वरून हुकूम झाला तो फिरवू नये, त्यास प्रश्न लावू नये, कारण एकाने थांबोन विचारिले तर पुढच्या तिसांचे हात रिकामे राहतात आणि समुद्र रिकामे हात पाहोनच आत येतो. हा कायदा वडिलांचा. या कायद्याने आमची चौसष्ट माणसे एका माणसासारखी चालतात, आणि पलीकडच्या गावचे लोक नारळी पौर्णिमेस होड्या घेऊन येतात ते आमची देवी पाहावयास नव्हे, आमची रांग पाहावयास येतात.

थोरले राजे धाऊजी म्हात्रे यांनी सात वर्षांमागे देह ठेविला, त्यांस पुत्र नव्हता, आणि त्यांनी अंतकाळी राज्य दोघांत वाटोन दिले. बांध आणि रांग राजश्री कमळोजी घरत यांस. शेत, उघाडी आणि आपापसातले तंटे राजश्री जोमाजी भोईर यांस. कमळोजी म्हणजे धिप्पाड पुरुष, मिशा पांढऱ्या, बोलणे चार शब्दांचे. ते बांधावरून चालत गेले की खेकडेही बिळात मागे सरकतात, ऐसी वदंता. त्यांनी कोणास कधी विचारिले नाही आणि कोणावर कधी हातही टाकिला नाही. नुसते पाहात, आणि ज्याकडे पाहात तो आपली चूक आपणच शोधोन काढीत असे. जोमाजी किडकिडीत, मान पुढे, आणि विचारल्यावाचोन पाऊल टाकीत नसत. नाला कोणत्या दिवशी उपसावा, याकरिता ते बत्तीस घरी फिरले आणि अकरावे दिवशी निर्णय सांगितला, तेव्हा नाला पावसाने आपोआप धुवोन गेला होता. पोशीबाई म्हणत, "जोमा म्हशीचे दूध काढण्याआधी म्हशीला विचारतो, आणि ती नको म्हणाली तर कोरा चहा पितो." (चहा ते काळी आमचे राज्यात नव्हता. पोशीबाई काय म्हणाल्या ते नीट आठवत नाही, अर्थ हाच होता.) पण जोमाजींच्या सात वर्षांत दोन भावांत कुऱ्हाड निघाली नाही, एक सून माहेरी पळोन गेली नाही, हेही लिहिले पाहिजे. आणि दोघे सरदार एकमेकांस दादूस म्हणत, भेटले की एकाच पानातला विडा अर्धा अर्धा खात, आणि मनातोन एकमेकांस बिनकामाचे समजत.

मग शके पन्नासची नारळी पौर्णिमा आली, आम्ही समुद्रास नारळ दिला, त्याने तो घेतला, आणि वद्य द्वितीयेस दोन प्रहरी उधाणाची स्वारी केली. ऐसे पाणी वडिलांच्या आठवणीत नव्हते. त्यात एक वाहता ओंडका येऊन उघाडीच्या झडपेत अडकला, झडप उघडीच राहिली, आणि खारे पाणी आत शिरोन दोन शेते बुडाली. पोशीबाईंनी कंबरभर पाण्यात उतरोन ओंडका उपटोन काढिला तेव्हा झडप लागली. तोच उघाडीच्या पलीकडे वीस पावलांवर बांध फुटला. कमळोजी त्या वेळी डोंगरापलीकडे लाकूड आणावयास गेले होते. जोमाजी बांधावर आले, शिंग वाजले, रांग उभी राहिली, आणि जोमाजींनी विचारिले, "चिखल खाणीतला घ्यावा, की जवळच्या शेताचा घ्यावा? ज्याचे शेत त्याची हरकत नाही ना?" ज्याचे शेत तो म्हणाला, "माझी नाही, पण भावाला विचारा." भाऊ म्हणाला, "बायकोला विचारतो." तोवर सात शेते गेली. तोच कमळोजी डोंगर उतरोन धावत आले, खांद्यावरचे लाकूड टाकिले आणि गर्जले, "खाण! घ्या!" आणि चौसष्ट उजवे हात एकदम उठले. गोळा निघाला की पोचला, निघाला की पोचला, ऐसे दोन घटिका, आणि भगदाड मिटले, आणि समुद्र मान खाली घालोन परत गेला. येथे मी पूर्वी असे लिहिले होते की, या दिवसापासून राज्य निर्वेध झाले आणि पुढे शंभर वर्षे सुखाने नांदले. ते वाक्य खोडिले आहे. खोडिलेले दिसते आहे, दिसू द्यावे.

दुसरे दिवशी तृतीयेस बांधावरच दरबार भरला. कोणी जोमाजींस बोल लाविला नाही, पण कोणी त्यांच्या शेजारीही बसेना. जोमाजी आपण होऊन उठले, आणि म्हणाले, "दादूस, माझी अर्धी सत्ताही तूच घे. माझ्याने सात शेते गेली." कमळोजींनी घेतली. नाही म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते, आभार मानणेही नव्हते. मग त्यांनी बांधाकडे पाहिले, आणि खरे सांगतो, त्या पाहण्यात राग नव्हता, भय होते. आपण डोंगरापलीकडे होतो हे त्यांस खात होते. ते म्हणाले, "पाणी दोन ठिकाणाहून आले. एक भगदाड आम्ही मिटविले. दुसरे आम्हीच मुद्दाम ठेविले आहे. शत्रूस दार ठेवणारा किल्ला कसला? उघाडी बुजवा." आता हे वाचणाऱ्यास कळते तेच तेथे चौसष्ट माणसांस कळले. उघाडी बुजविली तर समुद्र आत येणार नाही, आणि पाऊस बाहेर जाणार नाही. पोरासोरांस कळते. आणि श्रावण निम्मा बाकी. त्या वेळी दरबारात हुकुमास हरकत म्हणोन जे जे बोलले गेले ते अक्षरशः पुढे देतो:


(येथे दोन ओळी कोऱ्या सोडिल्या आहेत.)


हे इतके बोलले गेले. जागा पुरली. जोमाजी का बोलले नाहीत ऐसे कोणी विचारील, तर त्यांनी काल सात शेते घालविली होती, आज बोलते तर लोक म्हणते की सत्ता गेली म्हणोन रुसला. आणि आम्ही का बोललो नाही, तर आम्ही रांग आहोत, आणि रांगेने कालच जिंकोन दाखविले होते. फक्त पोशीबाई उठल्या. "कमळ्या, मग मी आता राखू काय?"

"बांध राख, आते."

"बांध तू राखतोस की."

"मग घरी बस."

"बरं झालं. गुडघे दुखतातच," ऐसे म्हणोन त्या खरोखर घरी जाऊन बसल्या, आणि जाता जाता डोंगराकडे पाहिले, तेथे ढग उतरत होते.

उघाडी बुजविली ती कशी बुजविली हे अभिमानाने लिहितो, कारण काम काम आहे. दगडी तोंडात आतोन चिखलाचे गोळे ठासले, मध्ये पेंढा, पुन्हा गोळे, वर पायांनी तुडविले. पहिला गोळा जोमाजींनी दिला. थेंब म्हणाल तर थेंब इकडचा तिकडे जाईना. संध्याकाळी कमळोजींनी हात फिरवोन पाहिले आणि "हां" म्हणाले, आणि त्यांच्या तोंडोन हां निघणे म्हणजे दुसऱ्या राज्यात सोन्याचे कडे. त्याच संध्याकाळी पाऊस लागला. तृतीयेचा पाऊस, चतुर्थीचा पाऊस, आणि डोंगराचे सारे पाणी आमच्या अंगणात. चतुर्थीस सकाळी भाताचे शेंडे दिसत होते, संध्याकाळी दिसेनात. कमळोजी दर प्रहरी विचारीत, "काय वर्तमान?" आणि ज्याची पाळी तो सांगे, "हुकुमाप्रमाणे आहे, महाराज." पाणी उंबऱ्यास लागले तेव्हा, "हुकुमाप्रमाणे उंबऱ्यास आहे." चूल बुडाली ते घरचे लोक म्हणाले, "चूल हुकुमात होती." कोणी खाट विटांवर चढविली, कोणी कोंबड्या आढ्यास टांगल्या, आणि सारे इतक्या शिस्तीने केले की पाहणाऱ्यास वाटावे हे वर्षोवर्षांचे रिवाज आहेत. आणि कमळोजींस दिसत नव्हते काय? त्यांनी मागाहून स्वमुखे सांगितले की, चतुर्थीस दोन प्रहरीच दिसले. पण आपलाच हुकूम आपण फिरविला तर उद्या उधाणात "घ्या" म्हटल्यावर चौसष्ट हात उठतील काय, की आज घ्या म्हणतो, उद्या नको म्हणेल, ऐसे म्हणोन खालीच राहतील? म्हणोन ते वाट पाहात बसले की कोणी येऊन सांगावे. आणि सांगावयास कोणी येऊ नये ऐसी व्यवस्था त्यांनीच सात वर्षे खपोन केली होती.

पंचमीस सकाळी पोशीबाईंनी जोमाजींस घरी बोलाविले. त्या माळ्यावर बसल्या होत्या, खाली पाणी. "जोमा, बांध बाहेरच्या अंगाने घामाघूम झालाय. काल ओहोटीला मी पाहून आले. बाहेर समुद्र होता तोवर त्याचा टेकू होता, तो ओसरला की आतलं पाणी बांधाला बाहेर ढकलतं. खेकडे बिळं सोडून चाललेत. ते कधी स्वतःहून गेलेत का?"

जोमाजी म्हणाले, "आते, उद्याची ओहोटी?"

"उद्या दोन प्रहरी पुरती खाली जाईल. तोवर बांध टिकला तर माझं नाव बदल. आणि फुटला की संध्याकाळच्या भरतीला सगळं खारं. एका वर्षाचं भात गेलं तर उपास काढू रे. पण खार बसला की तीन वर्षं दाणा नाही. बत्तीस घरं होडीत बसवून कुठं नेणार आहेस?"

"मी काय करू? माझ्याकडं सत्ता नाही."

"तुला सत्ता नव्हतीच कधी. तू विचारत फिरायचास. तेवढं येतं ना अजून?"

मग जोमाजी निघाले, आणि त्या एका दिवसात, मांडीभर पाण्यातोन, भर पावसात, घरोघरी गेले. आणि सवयीने दहा प्रश्न विचारणारा मनुष्य त्या दिवशी एकच प्रश्न विचारीत गेला: "पाणी दिसतं का?" काय करावे ऐसे विचारिले नाही, चूक कोणाची ऐसे विचारिले नाही. उत्तरे मिळाली ती येणेप्रमाणे. पहिले घर: दिसतं. दुसरे घर: दिसतं, पण मी म्हणालो म्हणून सांगू नकोस. तिसरे: तुला दिसतं का ते आधी सांग. पाचवे: आंधळा आहे का मी? नववे, म्हातारी, माळ्यावरून: दिसत नाही बाबा, ऐकू येतं. चौदावे, ज्याचा भाऊ बायकोस विचारावयास गेला होता ते: दिसतं, आणि तुझ्यामुळे सात शेतं गेली तेही दिसलं होतं. (जोमाजी म्हणाले, "खरं आहे," आणि पुढे गेले.) विसावे: ये, आत बस, बसायला जागा नाही. एकतिसावे: जोमादादा, तू सगळ्यांकडे जातोयस? सगळे काय म्हणाले? मग दिसतं. हे घर मी ओळखतो, कारण ते माझे.

एकतीस झाली. बत्तिसावे घर कमळोजींचे. आम्ही एकतीस घरांची माणसे लांब उभी राहोन पाहात होतो, पाऊस थोडा थांबला होता. जोमाजी ओसरीवर चढले. कमळोजी खाटेवर बसले होते, पाय पाण्यात.

"दादूस, सगळी घरं झाली. तुझं राहिलं."

"काय विचारायचंय?"

"पाणी दिसतं का?"

कमळोजींनी आमच्याकडे पाहिले. नेहमी ते पाहिले की आम्ही आपापली चूक शोधीत असू. त्या दिवशी आम्ही खाली पाहिले नाही. शिस्त मोडोन नव्हे, खालीही पाणीच होते. आणि राज्यातील कोणीही न ऐकलेल्या आवाजात, हळू, ते बोलिले, "दिसतं रे. काल दुपारपासून दिसतं. कोणी बोलेना." जोमाजी म्हणाले, "कोण बोलणार? तू ऐकलं असतंस?" कमळोजी म्हणाले, "नसतं ऐकलं." मग कमळोजींनी कनवटीचे भिजलेले पान काढिले, अर्धे जोमाजींस दिले, आणि उठले.

षष्ठीस उजाडतांच ओहोटी लागली होती आणि बांध बाहेरच्या अंगाने हातभर फुगला होता. दोन प्रहरांच्या आत उघाडी मोकळी झाली पाहिजे. शिंग वाजले, रांग उभी राहिली, तोंड समुद्राकडे, उजवा हात पुढे. कमळोजी उघाडीवर उभे राहोन गर्जले, "काढा!" पोशीबाईंनी पहिला गोळा उपसोन शेजारच्यास दिला, आणि पुढे काय झाले ते लिहिताना लाज वाटते. तो गोळा दोन हात पुढे गेला आणि उजव्याने घेऊन डाव्यास देता देता फिरोन पुन्हा उघाडीशीच आला. पुन्हा काढिला, पुन्हा आला. चौथ्या वेळी पोशीबाईंनी तोच गोळा ओळखला आणि शिवी दिली, ती लिहीत नाही. सव्वाशे वर्षे आमचे हात एकाच दिशेने चालले होते. बांधाकडे द्यावयाचे एवढेच त्यांस ठाऊक, बांधाकडोन न्यावयाचे कधी पडलेच नव्हते. जोमाजी म्हणाले, "तुम्ही डाव्याने घेऊन उजव्याने देऊन पाहाल का?" पाहिले. गोळे पायांवर पडू लागले, एकाचा अंगठा फुटला. पोशीबाई ओरडल्या, "अरे हात तेच ठेवा, नुसते उलटे फिरा! समुद्राकडं पाठ करा, म्हणजे उजवीकडचं डावीकडं होईल!" हिशेब बरोबर होता. आणि कोणी फिरेना. वडिलांपासून कोणी समुद्रास पाठ दिली नव्हती. जो देईल त्याच्या घरी मुलगी द्यावी काय, इथपर्यंत गोष्ट होती. पाणी बांधातोन झिरपत होते आणि चौसष्ट शूर पुरुष व बायका, मरतील पण फिरणार नाहीत, ऐसे उभे. कमळोजींनी हुकूम केला, "फिरा!" आणि त्यांच्या सात वर्षांच्या अमलात प्रथमच हुकूम झाला आणि घडले काही नाही. मग त्यांनी दुसऱ्यांदा म्हटले नाही. ते उघाडीवरोन खाली उतरले, रांगेत आमच्या मध्ये येऊन उभे राहिले, मला त्यांचा कोपर लागला, आणि सर्वांदेखत त्यांनी समुद्रास पाठ केली. ती पाठ मी पाहिली आहे. रुंद, आणि भिजलेली. आमच्या राज्यात पराक्रम पुष्कळ झाले, त्यात हा मी पहिला लिहितो. मग मी फिरलो. मग सारी रांग फिरली, आणि गोळे चालू लागले, निघाला की गेला, निघाला की गेला, खाणीकडे.

आता शेवटचे चार हात राहिले. खाडीच्या अंगाने तोंडात शिरोन काढणे भाग, आणि शेवटचा गोळा निघाला की पाणी सुटणार, माणूस त्याबरोबर तोंडातोन खाडीत फेकला जाणार. कमळोजींनी रांगेकडे पाहिले आणि विचारिले, "कोण जातो?" कोणी उत्तर देईना. भयाने नव्हे, कमळोजींच्या प्रश्नास उत्तर द्यावयाचे असते हेच कोणास ठाऊक नव्हते, आम्ही हुकुमाची वाट पाहात उभे होतो. पोशीबाई म्हणाल्या, "मेल्यांनो, आयुष्यात पहिल्यांदा विचारतोय तो, नि तुम्ही मुके?" तेव्हा चौसष्टही हात वर गेले, एकदम, नेहमीप्रमाणे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "खाली करा. तोंड माझं आहे. तीस वर्षं हात घालतेय त्यात. दोर आणा." कमरेस दोर बांधिला, पदर खोचला आणि त्या आत गेल्या. दोर धरावयास पुढे कमळोजी, मागे जोमाजी. आतोन आवाज येई, "सोडा थोडा!" आणि कमळोजी भयाने ओढोन धरीत, तो आतोन, "सोड म्हटलं ना कमळ्या, जोमा, त्याच्या हातावर मार!" आणि जोमाजींनी कोणास न विचारता मारिले. "आता धरा! घट्ट! जोमा, विचार करू नको, धर!" आणि दोघांनी धरिले. राज्याचे दोन्ही सरदार एका म्हातारीच्या हुकुमात उभे होते, आणि त्या अर्ध्या घटिकेत जो अंमल चालला तैसा नेटका अंमल मी पाहिला नाही. मग आत काही फुटल्यासारखा आवाज झाला, "ओढा!" ऐसे ऐकू आले, दोघांनी ओढिले, आणि पोशीबाई उलट्या, चिखलाने काळ्याभोर, कमळोजींच्या अंगावर येऊन आदळल्या, आणि त्यांच्या मागे उघाडीने तोंड उघडिले. तीन दिवसांचे पाणी झडप उडवीत खाडीत पडू लागले, त्याचा आवाज डोंगरापर्यंत गेला. कोणी जयजयकार केला नाही. सारे बांधाकडे पाहात होते. फुगवटा दोन प्रहरांपर्यंत बोटभर बसला, मग दोन बोटे, आणि बांध उभा राहिला. संध्याकाळी भरती आली आणि झडप आपोआप लागली.

बांध राहिला, द्वितीयेस शेतांत शिरलेला खारही त्याच पाण्याबरोबर धुवोन गेला, जमीन गोडी राहिली, पण भाताचे कळत नव्हते. पाणी उतरल्यावर रोप आडवे, पिवळे, शेवाळ लागलेले निघाले. कमळोजी रोज सकाळी शेतात जाऊन उकिडवे बसत आणि कोणाशी बोलत नसत. त्याच दिवसांत त्यांनी हुकूम काढिला की, याउपर ज्यास जे दिसेल त्याने ते मला येऊन सांगावे, न सांगेल त्याने रांगेत उभे राहू नये. आता आमचे लोक हुकूम पाळण्यात कमी नाहीत. दुसरे दिवसापासून पहाटे दारात गर्दी. महाराज, पश्चिमेच्या कोपऱ्यात बीळ दिसते. महाराज, तुमचे धोतर मागे चिखलाने माखले आहे. महाराज, काल तुम्ही माझ्या बापाला ओरडला ते मला बरोबर दिसले नाही. महाराज, तुमच्या घरची आमटी पातळ असते ऐसे सर्वांस दिसते. कमळोजी म्हणत, "पुरे रे," आणि लोक म्हणत, "पुरे म्हणता, पण हुकूम आहे." तिसऱ्या दिवशी त्यांनी जोमाजींस गाठले आणि म्हणाले, "दादूस, तुझी अर्धी सत्ता परत घे, माझ्याने हे ऐकवत नाही." जोमाजी म्हणाले, "घरोघरी विचारून सांगतो." आणि नवव्या दिवशी होय म्हणोन सांगितले. तोवर अमावास्या झाली, आणि अमावास्येस सकाळी पोशीबाई कमळोजींच्या शेजारी जाऊन उकिडव्या बसल्या, गुडघे धरोन, आणि एका रोपाची पिवळी पाने बोटांनी बाजूस करोन म्हणाल्या, "कमळ्या, हिरवं दिसतंय." कमळोजी म्हणाले, "मला दिसत नाही." त्या म्हणाल्या, "डोळे पूस मग."

येणेप्रमाणे झाले. भात त्या साली नेहमीच्या निम्म्याहून दोन खंडी जास्त आले, उपास कोणास पडला नाही, बत्तीस घरांतील एकही होडीत बसले नाही. बांध आहे तेथे आहे. समुद्र दिवसातून दोन वेळा येतो आणि दोन वेळा जातो. रांग आता दोन्ही बाजूंस तोंड करोन चालते, आणि पलीकडच्या गावचे लोक हसतात ते हसोत, त्यांस हे येत नाही. जे लिहिले ते रांगेतील असामीने लिहिले. कमी दिसेल ते ज्यास दिसेल त्याने येऊन सांगावे, राज्याचा हुकूम आहे.